काळा गरुड पक्ष्यांची घरटी पळवतो का?

प्रश्न : आंबोलीच्या जंगलावर एक मोठा काळा पक्षी झाडांच्या शेंड्यांना जवळजवळ घासत, अगदी सावकाश तरंगताना पाहिला. तो घार होता की गरुड? तो अख्खे घरटेच पळवतो, असे सोबतचे म्हणाले; ते खरे आहे काय?

उत्तर : आपण केलेले वर्णन काळ्या गरुडाशी जुळते. घारीची शेपटी दुभंगलेली असते, तर याची लांब असून तिच्यावर फिकट पट्टे असतात. पिवळेधमक पाय आणि पंखांच्या टोकाला बोटांसारखी फाकलेली पिसे ही आणखी खूण. सह्याद्रीतील सदाहरित रानांत तो बहुधा एकटा किंवा जोडीने दिसतो.

घरट्याबद्दल ऐकलेली गोष्ट खरी आहे. इतर गरुड सावजावर वेगाने झेपावतात, हा मात्र पानोळ्यात दडलेली घरटी हेरत फिरतो आणि अंडी किंवा पिल्ले खातो. कधी कधी तो सबंध घरटे पायांत उचलून नेतो आणि उडता उडताच त्यात डोकावून पाहतो. त्याच्या पायाची ठेवणही त्याला साजेशी आहे. बाहेरचे बोट आखूड, आतल्या बोटाची नखी फारच लांब आणि नख्या इतर गरुडांपेक्षा कमी वाकलेल्या असल्यामुळे नाजूक अंडे त्याला अलगद धरता येते. शेकरूची पिल्लेही त्याच्या तावडीतून सुटत नाहीत. स्वतःचे घरटे मात्र तो दाट जंगलातील उंच झाडावर काटक्यांचे बांधतो आणि मादी त्यात एक किंवा दोनच अंडी घालते.