आता रडू येत नाही, म्हणजे मी दगड झाले का?

हिंसाचाराने होरपळलेल्या भागांत काम करणाऱ्या कार्यकर्त्यांकडून एक प्रश्न मला वेगवेगळ्या शब्दांत ऐकायला मिळतो. सुरुवातीला लोकांचे दुःख ऐकून रात्र रात्र झोप लागत नसे. आता तेच ऐकताना मनात काहीच हलत नाही. मग आपल्यातला ओलावा आटला का, आणि आटला असेल तर या कामावर राहण्याचा आपल्याला अधिकार तरी आहे का? या प्रश्नाविषयी मला जे म्हणायचे आहे, ते मी एका अनुभवाच्या आधारे मांडते. तो अनुभव जिचा आहे तिची संमती घेतली आहे आणि तिची ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

वैदेही, तिला आपण या नावाने ओळखू, तिशीतली, सांगलीकडची. मणिपुरात काम करणाऱ्या पाच जणांच्या एका छोट्या संस्थेत ती समन्वयक होती. 3 मे 2023 रोजी तेथे मैतेई आणि कुकी-झो समाजांत हिंसाचार उसळला. त्यात अडीचशेहून अधिक माणसे मारली गेली, सुमारे 60 हजार लोक बेघर झाले आणि पाहता पाहता इंफाळचे खोरे व भोवतालचा डोंगराळ भाग यांच्यामध्ये सुरक्षा दलांच्या पहाऱ्यातील ‘बफर झोन’ उभे राहिले. वैदेहीची संस्था दोन्ही बाजूंच्या मदत छावण्यांत महिलांना हातमाग व सूत पुरवीत असे आणि मुलांसाठी संध्याकाळचा अभ्यासवर्ग चालवीत असे. इंफाळमध्ये दोन मैतेई सहकारी, डोंगराळ भागातल्या चुराचांदपूरमध्ये दोन कुकी सहकारी. पूर्वी हे चौघे एकाच कार्यालयात बसत, एकमेकांच्या डब्यातले खात. आता दोन गावांमधले सुमारे 60 किलोमीटरचे अंतर त्यांच्यापैकी कोणालाही ओलांडता येत नव्हते. ते ओलांडू शकत होती ती फक्त वैदेही, कारण ती दोन्हींपैकी कोणत्याच समाजाची नव्हती. गाडीचा चालक पांगल, म्हणजे मणिपुरी मुस्लीम, असे. त्यालाही याच कारणाने वाट मोकळी होती.

समुपदेशनाच्या पहिल्या भेटीत, अर्थातच व्हिडिओ कॉलवर, तिने मला एक प्रसंग सांगितला. छावणीतल्या एक आजी जळालेल्या घराविषयी, त्यात राहून गेलेल्या भाताच्या कणगीविषयी बोलत होत्या आणि वैदेही मनातल्या मनात सुताच्या लड्यांचा हिशेब करीत होती. “मॅडम, त्यांनी माझा हात धरला होता आणि मी बेरीज करत होते. मी दगड झाले आहे का?”

मी तिला झोपेविषयी विचारले. झोप तुटक होती. तिने स्वतः एकही घर जळताना पाहिले नव्हते, तरी स्वप्नात आग येत असे. गाडीचा दरवाजा जोरात आपटला की छातीत धडधडे. ज्याला खरोखर काही वाटत नाही, त्याची झोप अशी उडत नाही. दुसऱ्यांचे आघात सतत ऐकणाऱ्या माणसातही आघातग्रस्तासारखी लक्षणे उमटतात आणि मन स्वतःला वाचवण्यासाठी दार अर्धे लोटून घेते. याला दुय्यम आघाताचा ताण म्हणतात. हातमोज्यांमुळे स्पर्श कळेनासा होतो, पण म्हणून बोटे गेलेली नसतात, असे मी तिला सांगितले. ते तिला पटले. मात्र पटल्याने तिची झोप सुधारली नाही.

येथे माझी चूक सांगणे भाग आहे. मी तिला पंधरा दिवसांची रजा घेऊन घरी जाण्याचा सल्ला दिला. ती गणपतीत सांगलीला गेली. मिरवणुकीतल्या फटाक्यांनी ती दचकत राहिली, “तिकडे काय चाललंय गं?” असे विचारणारे नातेवाईक तिचे पहिले वाक्य संपण्याआधी जेवणाच्या पंगतीकडे वळत, आणि आई रोज म्हणे, “पुरे झालं बाई आता, इथेच एखादी नोकरी बघ.” तिकडे चौघांचे संदेश फोनवर साचत होते, कारण तिच्याविना सूत पलीकडे जात नव्हते. ती परतली ती अधिक थकलेली आणि वर अपराधी वाटत असलेली. जिच्या जागी उभे राहायला दुसरे कोणीच नाही तिला रजा देणे म्हणजे ओझे उतरवणे नसते, ते दारात ठेवून येणे असते, हे मला आधी सुचायला हवे होते.

पुढच्या भेटीत मी तिच्या मनाऐवजी तिच्या आठवड्याकडे पाहायचे ठरवले. एका कागदावर आम्ही तिची प्रत्येक फेरी लिहून काढली: जाताना काय नेले, येताना काय आणले. औषधे, सूत, वह्या, हिशेबाच्या पावत्या. आणि त्यांच्या सोबतीने इकडच्यांचा तिकडच्यांवरचा राग, तिकडच्यांची इकडच्यांविषयीची चौकशी, न पाठवलेली क्षमा. चौघेही तिला विश्वासाने सारे सांगत आणि चौघेही केव्हा ना केव्हा विचारत, “तुला तरी आमचं पटतं ना?” प्रत्येकाला हो म्हणता म्हणता आपण सर्वांशीच खोटे बोलतो आहोत, असे तिला वाटू लागले होते. माझ्या मते तिच्या थकव्याचा मोठा वाटा या न दिसणाऱ्या सामानाचा होता.

दुसरी गोष्ट मला त्याहून अस्वस्थ करणारी वाटली. देणगीदारांच्या अहवालासाठी दर तिमाहीला ठरावीक संख्येने ‘लाभार्थींच्या कथा’ लागत. म्हणजे जिला माग हवा होता, तिला आधी घर कसे जळले हे सांगावे लागे आणि वैदेहीला ते टिपून घ्यावे लागे. जागतिक आरोग्य संघटनेने 2011 साली मानसिक प्रथमोपचारांची जी पुस्तिका काढली, तिच्यात स्पष्ट सांगितले आहे की आपत्तीतून आलेल्या माणसाला काय घडले ते सांगण्याचा आग्रह करू नये. तो स्वतःहून बोलला तर ऐकावे. हा नियम आपद्ग्रस्तांसाठी आहे, पण त्यामुळे ऐकणाराही वाचतो. (मीही येथे कोणाची तरी कथाच सांगते आहे, याची मला जाणीव आहे.)

वैदेहीच्या परवानगीने मी संस्थाचालकांशी बोलले, तेव्हा त्यांनी प्रथम विचारले, “तिला ध्यानाचा एखादा कोर्स सुचवाल का?” त्यांच्या हेतूबद्दल मला शंका नाही. परंतु मानसशास्त्रज्ञ हर्बर्ट फ्रॉइडनबर्गर यांनी 1974 साली ‘बर्नआउट’विषयी, म्हणजे कामाच्या ताणाने पार थकून जाण्याविषयी, लिहिले, ते न्यूयॉर्कमधल्या एका मोफत दवाखान्यातले स्वयंसेवक पाहून लिहिले होते. कळकळीने काम करणारी माणसेच त्यात सर्वांत आधी सापडतात असे त्यांचे निरीक्षण होते, आणि त्यांनी सुचवलेल्या उपायांत कामाच्या वाटपाचा विचार होता. मी संस्थाचालकांना तीन विनंत्या केल्या. अहवालात कथांऐवजी मागांची संख्या, विणलेल्या कापडाची विक्री आणि वर्गातील हजेरी द्यावी. फेरी करू शकणारी दुसरी व्यक्ती, अर्धवेळ का होईना, नेमावी. आणि चौघांनी पंधरवड्यातून एकदा एकमेकांशी थेट फोनवर बोलावे. बोलणे कामाचेच असावे, पण मध्ये वैदेही नसावी. पहिल्या विनंतीला एक देणगीदार लगेच तयार झाला, दुसरा अजून झालेला नाही. नव्या माणसासाठी पैसे जमायला चार महिने लागले. थेट फोनची पहिली दोन संभाषणे इतकी अवघडलेली झाली, की तिसरे रद्दच करावे असे सर्वांना वाटले. तिसऱ्यात सुताच्या रंगावरून वाद झाला आणि तो नीट, पूर्वीसारखा, झाला.

दरम्यान आगीची स्वप्ने महिनाभरानंतरही थांबली नाहीत, म्हणून मी तिला मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवले आणि काही काळ तिने औषधेही घेतली. असे त्रास टिकून राहिले, दारूचा आधार लागू लागला किंवा जीव नकोसा वाटला, तर थांबू नये. सरकारची ‘टेलि-मानस’ ही 14416 क्रमांकाची सेवा मोफत आहे आणि रात्रीही चालू असते.

आजींचा विषय तिने आठव्या भेटीत पुन्हा काढला. त्यांचा माग बिघडला होता, मागाचा कमरेला बांधायचा पट्टा तुटला होता, आणि त्या वैदेहीवर चांगल्याच रागावल्या होत्या. “मलाही राग आला, मॅडम. मी पण बोलले.” मग दोघींनी मिळून पट्टा शिवला. घराविषयी त्या दिवशी कोणीच बोलले नाही. रडू आले का, हे मी विचारले नाही आणि तिनेही सांगितले नाही. पुढच्या आठवड्याची फेरी नवा सहकारी करणार होता, त्याला चौकीवर कोणती कागदपत्रे दाखवावी लागतात याची यादी तिला त्या संध्याकाळी करायची होती.