अमेरिकेतील सरकारी शाळांत ‘बुद्धिमान रचना’ शिकवण्यास न्यायालयाने मनाई का केली?

अमेरिकेच्या राज्यघटनेतील पहिली दुरुस्ती सरकारला कोणत्याही धर्माची प्रस्थापना करू देत नाही, आणि म्हणूनच उत्क्रांतीसोबत सृष्टिनिर्मितीवादही (ईश्वरानेच सृष्टी निर्माण केली हे मत) शिकवण्याची सक्ती करणारा लुईझियानाचा कायदा सर्वोच्च न्यायालयाने १९८७ साली रद्द केला. पुढे पेनसिल्व्हेनिया राज्यातील डोव्हरच्या शाळा मंडळाने ‘बुद्धिमान रचना’, म्हणजे सजीवांची रचना कोणा बुद्धिमान कर्त्याने केली ही कल्पना, पुढे आणली आणि प्रकरण न्यायालयात गेले. परंतु मंडळाने सुचवलेल्या पुस्तकाचे जुने मसुदे तेथे सादर झाले, तेव्हा १९८७च्या निकालानंतर ‘सृष्टिनिर्मिती’च्या जागी ‘रचना’ असा बदल केल्याचे उघड झाले. मला हाच पुरावा सर्वांत निर्णायक वाटतो. रिपब्लिकन राष्ट्राध्यक्ष जॉर्ज डब्ल्यू. बुश यांनीच नेमलेले न्यायाधीश जॉन जोन्स यांनी २० डिसेंबर २००५ रोजी ही कल्पना विज्ञान नसल्याचा निकाल दिला. उत्क्रांती मानणे म्हणजे ईश्वर नाकारणे, हे गृहीतकही त्यांनी चुकीचे ठरवले. उत्क्रांतीच्या बाजूने साक्ष देणारे जीवशास्त्रज्ञ केनेथ मिलर स्वतः श्रद्धाळू कॅथलिक आहेत.