हार्मोनियम थोडी येते, स्वस्तात मेलोडिका घ्यायची आहे. कोणती घ्यावी आणि वाजवायची कशी?

मेलोडिका म्हणजे तोंडाने फुंकून वाजवायची छोटी पेटीच, त्यामुळे पेटी येत असेल तर अर्धं काम झालंय. 32 पट्ट्यांची घ्या. ती बहुधा खालच्या पांढरी चारपासून (म्हणजे F पासून) सुरू होते, अडीच सप्तकांहून थोडी जास्त मिळते. 37 वालीत वरचे आणखी पाच सूर असतात, पण ते इतके चिरके लागतात की मी क्वचितच तिकडे जातो.

ब्रँडपेक्षा दुकानातली तपासणी महत्त्वाची. एकही पट्टी न दाबता फुंकर मारा. हवा सुटत असेल तर ती घेऊ नका. मग खालचा सा आणि वरचा सा एकत्र दाबा. आवाज स्थिर हवा, लाटा उठल्यासारखा थरथरला तर सूर बेसूर आहेत. स्वस्त मालात हीच खोट जास्त. ऑनलाइन घेणार असाल तर परत करायची सोय बघूनच.

वाजवताना पेटीची एक सवय मोडावी लागते: भाता गेला, आता श्वास. जोरात फुंकलं की सूर किंचित उतरतो, म्हणून हलकंच. प्रत्येक सुराला जिभेने 'तु' म्हणा, नाहीतर सगळं एकमेकांत चिकटतं. सुरुवातीला टेबलावर ठेवून लांब नळीने वाजवा, बोटं दिसतात.

वाजवून झालं की मागचं बटण दाबून फुंकायचं, आत साठलेलं पाणी निघतं (खाली फडकं धरा, लाळच ती!). धुवायची फक्त नळी आणि तोंडात धरायचा तुकडा.