इकॉनॉमिक्स शिकून परराष्ट्रमंत्री?

प्रश्न : मी एमए इकॉनॉमिक्स करतोय. घरचे म्हणतात, फार तर बँकेत नाहीतर कॉलेजात चिकटशील, आणखी काय! परवा वाचलं की अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष रेगन यांचे परराष्ट्रमंत्री जॉर्ज शुल्ट्झ मूळचे अर्थशास्त्राचे प्राध्यापक होते. खरंय का? आणि त्या अभ्यासाचा त्यांना तिकडे काही उपयोग झाला का?
(एक वाचक, सांगली)

उत्तर : खरंय, आणि उपयोग तर झालाच, पण तुम्हाला वाटतो तसा ग्राफ-बिफ काढून नाही. शुल्ट्झ जन्मले 1920 ला न्यूयॉर्कमध्ये, प्रिन्स्टनमधून 1942 ला डिग्री घेतली, मग मरीन्समध्ये भरती होऊन पॅसिफिकच्या युद्धात गेले आणि परत आल्यावर 1949 ला एमआयटीतून पीएचडी. त्यांचा खरा विषय होता कामगार आणि मालक, म्हणजे मजुरी, संप, युनियनबरोबरची बोलणी. माझ्या मते त्यांचं सगळं पुढचं करिअर इथूनच निघतं. पुढे शिकागोत बिझनेस स्कूलचे डीन झाले आणि 1969 ला राष्ट्राध्यक्ष निक्सननी त्यांना कामगारमंत्री केलं.

तेव्हा पूर्वेकडच्या बंदरांमध्ये गोदी कामगारांचा संप चालू होता. आधीच्या जॉन्सन सरकारने ही राष्ट्रीय आणीबाणी आहे म्हणत कोर्टातून तो काही काळ थांबवला होता. शुल्ट्झ म्हणाले, सरकारने मध्ये पडायचं नाही, कारण शेवटी वॉशिंग्टन धावून येणार हे माहीत असलं की दोन्ही बाजू मनापासून बोलणी करतच नाहीत. संप मिटायला काही आठवडे गेले, पण मिटला त्यांचा त्यांनीच.

मग ते बजेट ऑफिसचे प्रमुख झाले, 1972 ला अर्थमंत्री झाले. डॉलरचे ठरलेले दर मोडून बाजारावर सोडले गेले ते 1973 मध्ये, यांच्याच काळात (खुल्या बाजाराचे पुरस्कर्ते अर्थतज्ज्ञ मिल्टन फ्रिडमन यांचे दोस्त, त्यामुळे त्यांना त्यात वावगं वाटायचं कारण नव्हतं). पण मला त्याहून भारी वाटते ती यादीची गोष्ट. सप्टेंबर 1972 मध्ये व्हाइट हाउसमधून जॉन डीननी इन्कम टॅक्स खात्याच्या प्रमुखांना, जॉनी वॉल्टर्सना, निक्सनविरोधकांची नावं दिली, म्हणजे यांच्या मागे लागा. वॉल्टर्स यादी घेऊन सरळ शुल्ट्झकडे आले. शुल्ट्झनी सांगितलं, काहीही करू नका, आणि वॉल्टर्सनी यादी सीलबंद करून तिजोरीत टाकली. ना भाषण, ना राजीनामा, फाइल तिथेच थंड!

1974 ला सरकार सोडून ते बेक्टेल या बांधकाम कंपनीत गेले आणि 1982 ला रेगननी परराष्ट्रमंत्री म्हणून बोलावलं. सोव्हिएत लोकांशी बोलायचंच नाही असं म्हणणारे लोक सरकारातच होते, संरक्षणमंत्री वाइनबर्गरशी तर यांची सतत जुंपायची. हा माणूस मात्र युनियनशी बोलतात तसाच बोलत राहिला, आज नाही जमलं तर परत बसू. ऑक्टोबर 1986 ला रेक्याविकमध्ये रेगन-गोर्बाचोव्ह बोलणी स्टार वॉर्सवरून, म्हणजे क्षेपणास्त्रं अंतराळातून अडवायच्या अमेरिकी योजनेवरून, फिसकटली, सगळे म्हणाले झालं, संपलं. पण तिथे पुढे सरकलेले मुद्दे वाया गेले नाहीत आणि डिसेंबर 1987 ला आयएनएफ करार झाला, 500 ते 5500 किलोमीटर पल्ल्याची जमिनीवरून डागायची क्षेपणास्त्रं दोघांनी मोडीत काढली, एकूण 2692.

तर घरच्यांना सांगा, चार वेगवेगळी कॅबिनेट पदं मिळालेले अमेरिकेत दोनच, एक एलियट रिचर्डसन आणि दुसरे हे. बँकेची परीक्षा तरीही द्या हो, निक्सनसारखा फोन सगळ्यांना येत नाही.

प्रश्न : एवढा हुशार माणूस थेरानोसच्या फ्रॉडमध्ये कसा फसला?
(तेच वाचक, त्याच पत्रात)

उत्तर : हो, हा डाग आहेच. 2011 ला ते त्या रक्ततपासणीवाल्या कंपनीच्या बोर्डावर गेले. नातू टायलर तिथेच नोकरीला होता, मशीन नीट चालत नाही हे त्याने आजोबांना सांगितलं, तर आजोबांनी नातवाऐवजी मालकीणबाई एलिझाबेथ होम्सवर विश्वास ठेवला. वय तेव्हा नव्वदीपार, पण ती सबब मला पटत नाही, रक्ततपासणीची माहिती असलेलं फारसं कोणी बोर्डावर नाही हे तर दिसत होतं ना! टायलर पत्रकाराशी बोलला म्हणून कंपनीने त्याच्यामागे वकील लावले, आणि त्याच्या आईबापांना वकिलांवर चार लाख डॉलरच्या वर घालवावे लागले. नंतर आजोबांनी नातवाचं जाहीर कौतुक केलं, पण तोवर कंपनी बुडाली होती. फेब्रुवारी 2021 मध्ये, शंभरी पूर्ण करून, ते गेले.