वादळानंतर मुलांसाठी काय पाठवावं? दूध पावडर आणि कपडे तर नकोच

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं: मोठं चक्रीवादळ येऊन गेलंय, तुमच्या गटाकडे बऱ्यापैकी रक्कम जमली आहे आणि ती लहान मुलांवरच खर्च करायची आहे. दूध पावडर, कपडे, खेळणी घ्यावीत असं बहुतेकांचं म्हणणं. एका जोडप्याला तिथलं अनाथ झालेलं मूल दत्तक घ्यायचंय आणि गटातल्या नर्सताईंना स्वतः जायचंय. मी बरीच वर्षं मदतकार्यात गोदाम आणि वाटप सांभाळलंय, म्हणून माझं मत आधीच सांगून टाकतो. मुलांसाठी म्हटल्यावर जे सामान पटकन डोळ्यांपुढे येतं, त्यातलं जवळजवळ काहीच पाठवू नका. मुलांच्या घरच्यांच्या हातात पैसे, जवळपास पिण्याजोगं पाणी आणि लवकर उघडलेली शाळा, यावर खर्च करा.

दूध पावडरीपासून सुरू करतो, कारण चांगल्या मनाने केलेलं सगळ्यात मोठं नुकसान मी तिथेच पाहिलंय. समुद्राची लाट आत घुसली की विहिरी आणि तळी खारी होतात, वर त्यात मैला मिसळतो. पावडर कालवायला उकळलेलं पाणी लागतं, म्हणजे सरपण किंवा गॅस आला, आणि बाटली प्रत्येक वेळी नीट धुवायला हवी. निवारा केंद्रात यातलं एकही धड मिळत नाही. अंगावर पिणाऱ्या बाळाला आठवडाभर बाटली दिली की ते आईला कमी ओढतं, त्यामुळे आईचं दूध कमी होतं. मग फुकटचा डबा संपतो आणि बाळ दोन्हीकडून जातं. इंडोनेशियात २००६ च्या योग्यकर्ता भूकंपानंतर याचा अभ्यास झाला होता. ज्या बाळांना दानात आलेली पावडर मिळाली, त्यांच्यात जुलाबाचं प्रमाण बाकीच्या बाळांच्या दुपटीहून जास्त निघालं. आपत्ती भूकंपाची होती, पण बाटलीचं गणित वादळातही तेच.

‘धक्क्याने आईचा पान्हा आटला’ हे प्रत्येक छावणीत ऐकू येतं. घाबरल्यामुळे पान्हा फुटायला वेळ लागतो हे खरं, पण दूध तयार होणं त्याने थांबत नाही. बाळाला पुन्हा पुन्हा छातीशी घेतलं की ते येतं. त्या बाईला लागतो पडदा लावलेला एक कोपरा, दोन वेळचं जेवण, भरपूर पाणी आणि शेजारी बसून धीर देणारी एखादी अनुभवी बाई. ज्या बाळाची आई गेलीय किंवा सापडत नाहीये, त्याला वरचं दूध द्यावंच लागतं. पण ते आरोग्य कर्मचारी एकेका बाळाची नोंद करून देतात, आणि शक्यतो वाटीने पाजतात, कारण वाटी धुणं सोपं. आपत्तीत दूध पावडर आणि बाटल्या दान म्हणून मागूही नयेत आणि घेऊही नयेत, अशीच आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना आहे. आईच्या दुधाला पर्याय म्हणून विकल्या जाणाऱ्या मालाच्या प्रचाराबद्दल जागतिक आरोग्य संघटनेची संहिता १९८१ पासून आहे. फिलिपिन्ससारख्या वादळांच्या देशात तर १९८६ पासून त्यावर कायदाच आहे.

कपड्यांचं थोडक्यात. १९९८ मध्ये मिच वादळ होंडुरासवर आलं, तेव्हा मदतीच्या विमानांना जागा हवी असताना लोकांनी पाठवलेले हिवाळी कपडे तिथे येऊन पडले होते. २००४ च्या त्सुनामीनंतर इंडोनेशियात कपड्यांचे ढीग किनाऱ्यावर कुजले. गोदामात असं बोचकं सोडलं की आधी ओल्या कापडाचा वास येतो. मग एकच बूट, बटणं तुटलेला कोट, लग्नातला जरीचा झगा, आणि तळाशी कुणीतरी कळकळीने घडी घालून ठेवलेली चार कामाची लुगडी. ती चार शोधायला दोन माणसांचा अर्धा दिवस जातो, आणि त्याच वेळी बाहेर ताडपत्रीचा ट्रक उतरवायला माणूस नसतो. खेळण्यांना हेच लागू. घरात पडून असलेलं सामान काढून टाकायची संधी म्हणून वादळाकडे पाहणारेही असतात, पण तुम्ही त्यातले दिसत नाही.

आता मुलं दगावतात कशाने ते बघू. वादळाच्या दिवशी मुख्यतः पाण्याने. नोव्हेंबर २०१३ मध्ये हैयान वादळाने फिलिपिन्समध्ये ६,३०० वर माणसं गेली, त्यातली बहुतेक टॅक्लोबानच्या आसपास आत आलेल्या समुद्राने. त्यानंतरच्या आठवड्यांत जुलाब, गोवर, न्यूमोनिया आणि उपासमार एकमेकांच्या पाठोपाठ येतात. गोवर झालेलं मूल अशक्त होतं, अशक्त मुलाला जुलाब लागतात, जुलाब झालेलं मूल खात नाही. म्हणून छावणी उभी राहिली की गोवराची लस आणि जीवनसत्त्व अ हे पहिल्या कामांत येतं.

मोझांबिकचं उदाहरण मला फार महत्त्वाचं वाटतं. १४ मार्च २०१९ च्या रात्री इडाई वादळ बैरा शहराजवळ धडकलं. दोन आठवड्यांच्या आत कॉलराचे रुग्ण सापडले. एप्रिलच्या सुरुवातीलाच तोंडाने द्यायच्या लशीचे जवळपास ९ लाख डोस वापरात आले, सोबत उपचार केंद्रं आणि क्लोरीन. साडेसहा हजारांवर लोकांना कॉलरा झाला, मृत्यू मात्र दहाच्या आत राहिले. या कामाचे फोटो निघत नाहीत. क्लोरीनची गोळी पाण्यात टाकून अर्धा तास थांबलेल्या बाईचा फोटो कोण छापणार? पण पैसे तिथे लागतात.

पाण्याचे ठोकताळे तुमच्याकडे असावेत, म्हणजे संस्थेला प्रश्न विचारता येतील. मदतकार्यात सर्वमान्य असलेले स्फिअर निकष सांगतात: माणशी दिवसाला किमान १५ लिटर पाणी, एका नळावर जास्तीत जास्त २५० माणसं, एका संडासामागे २०. पहिल्या दिवसांत हे साधत नाही, ते समजण्यासारखं आहे. महिना उलटूनही साधलं नसेल तर मात्र विचारा. आणि संडासाला आतून कडी आहे का, रात्री दिवा आहे का, हेही विचारा. कडी नसली की मुली दिवसभर पाणी पीत नाहीत, अंधार पडायची वाट बघतात, आणि अंधारात काय होऊ शकतं ते सांगायला नको.

कुपोषण ओळखायला एक साधी रंगीत पट्टी असते. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाच्या डाव्या दंडाचा मध्य शोधायचा, खांदा आणि कोपर यांच्या बरोबर मधोमध, हात सैल सोडायचा आणि पट्टी गुंडाळायची. न आवळता, न ढिली सोडता. ११५ मिलिमीटरच्या खाली लाल, म्हणजे तीव्र कुपोषण. १२५ पर्यंत पिवळा, पुढे हिरवा. गावातल्या आयांनाही हे चटकन जमतं. लाल आलेल्या मुलाला शेंगदाण्याची तयार पेस्ट देतात. ९२ ग्रॅमच्या एका पाकिटात सुमारे ५०० कॅलरी असतात, पाणी घालावं लागत नाही, त्यामुळे बाटलीचा धोकाच येत नाही. ‘मुलांच्या खाण्यासाठी’ पैसे द्यायचेच असतील तर अशी तपासणी आणि उपचार चालवणाऱ्यांना द्या. बिस्किटांचे पुडे ट्रकभर पाठवू नका.

रोख रकमेबद्दल तुमच्या गटात वाद होणार, तो करून घ्याच. ‘पैसे दिले की दारूत जातील’ असं कुणीतरी म्हणेल. जागतिक बँकेच्या संशोधकांनी वेगवेगळ्या देशांतल्या अशा योजनांचे अभ्यास एकत्र करून पाहिले, त्यात दारू-तंबाखूवरचा खर्च वाढल्याचं दिसलं नाही. हैयाननंतर युनिसेफने १०,००० गरजू कुटुंबांना सहा महिने दरमहा सुमारे १०० डॉलर दिले, कशावर खर्च करायचे याची अट न घालता. संयुक्त राष्ट्रांच्या जागतिक अन्न कार्यक्रम या संस्थेने तिथल्या सरकारच्या आधीपासून चालू असलेल्या अनुदान योजनेतूनच जादा रक्कम पोहोचवली, नवी यादी करत बसले नाहीत. तैवानच्या त्झू ची या बौद्ध संस्थेने टॅक्लोबानमध्ये लोकांना त्यांच्याच गल्ल्या साफ करण्याची रोजची मजुरी दिली. त्यातून चिखल निघाला आणि चूलही पेटली. एक अट मात्र लक्षात ठेवा: बाजार उघडलेला हवा. पहिल्या आठवड्यात दुकानंच नसतील तर नोटा घेऊन आई काय करणार? तेव्हा शिधा, ताडपत्री, दोरी, बादली हेच लागतं, आणि ते जवळच्या धड राहिलेल्या शहरातून घेतलेलं बरं.

रोजगाराचा मुलांशी संबंध काय, असं वाटेल. हैयानमध्ये नारळाची सुमारे ३ कोटी ३० लाख झाडं मोडली किंवा उन्मळली. नवं झाड फळायला सहा ते आठ वर्षं. म्हणजे वादळाच्या दिवशी सहावीत असलेल्या मुलाची अख्खी शाळा त्या काळात संपते, किंवा ते शाळेतून निघून कामाला लागतं. होडी आणि जाळं दुरुस्त करायला दिलेले पैसे हे मुलाच्या फीचेच पैसे असतात.

शाळेची गंमत अशी की वादळात तीच पक्की इमारत असल्याने लोक तिथेच राहायला येतात, आणि घरं उभी राहीपर्यंत वर्ग भरत नाहीत. अशा वेळी तंबूत, एका पेटीतल्या साहित्यावर वर्ग चालवतात. युनिसेफची अशी पेटी साधारण ४० मुलांसाठी असते: पाट्या, वह्या, खडू, झाकणाच्या आतल्या बाजूला फळा करायचा रंग. शिक्षकाला पगार मिळाला पाहिजे, त्याचंही घर गेलेलं असतं. मुलं दिवसातले चार तास एका जागी असली की लस देणं सोपं, जेवण देणं सोपं, आणि कोण गायब आहे ते लगेच कळतं.

गायब होण्यावरून दत्तकाकडे येतो. त्या जोडप्याला माझं नम्र पण स्पष्ट उत्तर: आत्ता नाही. वादळानंतर एकटं सापडलेलं मूल अनाथच असतं असं नाही. बहुतेकदा आई दुसऱ्या निवारा केंद्रात असते, नाहीतर मावशी, आजोबा, मोठा भाऊ कुठेतरी शोधत असतात. शोध पूर्ण व्हायला महिने लागतात. म्हणूनच त्सुनामीनंतर इंडोनेशियाने १६ वर्षांखालच्या मुलांना आचे प्रांताबाहेर न्यायला बंदी घातली होती. हैतीच्या २०१० च्या भूकंपानंतर एक परदेशी गट ३३ ‘अनाथ’ मुलांना सीमेपार नेताना पकडला गेला, पुढे कळलं की बहुतेकांचे आईवडील हयात होते. मुलाला ठेवून घेणाऱ्या नातेवाइकांना मदत करणारी संस्था शोधा, त्या जोडप्याची माया तिथे कामी येईल. आणि मुलाचा चेहरा, नाव आणि गाव एकत्र टाकून ‘याचे पालक शोधा’ म्हणून फोटो फिरवू नका. ती माहिती पालकांआधी भलत्याच लोकांच्या हाती लागते.

संस्था निवडताना मी एवढंच बघतो: वादळाआधी ती त्या भागात होती का, वाटपाची यादी कोण करतं, नाव सुटलं तर बाईने तक्रार कुठे करायची, आणि मुलांसोबत काम करणाऱ्यांसाठी लेखी नियम आहेत का. प्रशासनावर किती टक्के खर्च होतो हा सगळ्यांचा लाडका प्रश्न, पण हिशेब ठेवणारा आणि ट्रक चालवणाराही त्याच टक्क्यांत बसतो. सगळी रक्कम आज देऊ नका. निम्मी आत्ता, निम्मी तिसऱ्या महिन्यात, जेव्हा बातम्या थांबलेल्या असतात आणि ताडपत्री फाटायला लागलेली असते. ‘फक्त अमुक वस्तूसाठी’ अशी अटही घालू नका.

नर्सताईंनी नक्की जावं, पण स्वतःहून उठून नाही. तिथल्या आरोग्य यंत्रणेशी जोडलेल्या संस्थेकडे नाव नोंदवून, बोलावणं आल्यावर. पहिल्या आठवड्यात स्वयंसेवकांची झुंबड असते, सहाव्या आठवड्यात लसीकरणाला आणि बाळंतिणींजवळ बसायला माणूस मिळत नाही. तेव्हाची तारीख मागून घ्या. अंगावर पाजण्याबद्दल आयांशी बोलायचा अनुभव असेल तर अर्जात तो वर लिहा. आपलं राहणं, खाणं, पिण्याचं पाणी यांचा भार तिथल्या लोकांवर पडणार नाही अशी सोय करून जा, भाषा येत नसेल तर दुभाषा कोण ते आधी विचारा, आणि धनुर्वाताची लस निघण्यापूर्वीच घेऊन टाका.