पूर्वी स्टार आणि जखमेचं मेडल रेकॉर्डला नाही, आता काय करायचं

ताई, तुमचा प्रश्न नीट वाचला. वडील १९७१ ला पूर्वेच्या आघाडीवर होते, पायात स्प्लिंटर लागून हॉस्पिटलला गेले, मग सिक लीव्ह, मग दुसऱ्याच युनिटला पोस्टिंग आणि १९८० ला पेन्शनवर घरी आले. डिस्चार्ज बुकात संग्राम मेडल आहे, सैन्य सेवा मेडल आहे, पण पूर्वी स्टार (पूर्वेच्या आघाडीचं मेडल) नाही आणि जखमेचं मेडलही नाही. रेकॉर्ड ऑफिसला पत्र टाकलं तर "उपलब्ध रेकॉर्डमध्ये नोंद आढळत नाही" एवढंच उत्तर आलं, आणि आता गावातला एकजण पैसे दिले तर काम करून देतो म्हणतोय.

त्या माणसाला एक रुपया देऊ नका. या कामाला एजंट लागत नाही आणि जे कागद लागतात ते त्याला मिळूही शकत नाहीत, ते फक्त वडिलांच्या सहीने मिळतात. मी पलटणीत क्लार्क होतो, सुभेदार म्हणून निघालो, आणि घरी आल्यापासून आमच्याकडच्या जुन्या जवानांची असलीच कागदपत्रं बघत आलोय, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

तुम्ही मेडल मागितलंत, म्हणून तसं उत्तर आलं. रेकॉर्ड ऑफिसमधला बाबू शीट रोल (जवानाच्या सेवेच्या नोंदींचा कागद) काढतो, मेडलच्या रकान्यात बघतो, तिथे नाही म्हणजे नाही, पत्र संपलं. मागायची असते ती नोंद. फौजेत माणसाच्या आयुष्यात जे काही घडतं, म्हणजे लग्न, मुलं, पोस्टिंग, हॉस्पिटल, प्रमोशन, मेडल, ते सगळं पार्ट टू ऑर्डरमध्ये, म्हणजे युनिटच्या लेखी आदेशात, निघतं आणि तिथून शीट रोलवर चढतं. पार्ट टू ऑर्डर निघालीच नसेल तर शीट रोल कोरा राहणार, मग माणूस लढाईत मधोमध उभा असला तरी.

आता तुमच्याकडे जे आहे त्यातूनच बरंच कळतं बघा. संग्राम मेडल हे त्या काळात सेवेत असलेल्या सगळ्यांना होतं, आघाडीवर असो नाहीतर मागे डेपोत. पूर्वी स्टार आणि पश्चिमी स्टार हे लढाईच्या इलाक्यात असलेल्यांना. म्हणजे संग्राम आहे आणि स्टार नाही याचा अर्थ कागदाच्या हिशोबाने तुमचे वडील तेव्हा फौजेत होते पण लढाईच्या इलाक्यात नव्हते. कागद चुकीचा आहे हे तुम्हाला माहिती आहे, त्यांच्या पायाला माहिती आहे, पण ते दाखवून द्यावं लागेल.

असं होतं कसं? ही मेडलं लढाई संपल्यानंतर जाहीर झाली. मग प्रत्येक युनिटने आपापल्या हक्कदार जवानांची यादी करून पुढे पाठवायची. त्यावेळी जो जवान पलटणीत हजर त्याचं नाव यादीत हमखास येतं, पण जो जखमी होऊन मागे गेलाय, हॉस्पिटलमधून सेंटरला, सेंटरमधून तिसरीकडे, त्याचं काय? जुनं युनिट म्हणतं तो आता आमच्या स्ट्रेंथवर (पटावर) नाही, नवीन युनिटच्या क्लार्कला तो कुठे लढला ते माहितीच नसतं. त्यात एका कंपनीत चार जाधव आणि तीन पवार. जखमेचं मेडल, ज्याला पराक्रम पदक म्हणतात, ते तर १९७३ ला सुरू झालं, १५ ऑगस्ट १९४७ पासूनच्या जखमींना लागू करून. तोवर तुमचे वडील दुसऱ्या युनिटला पोचले होते. जो जास्त लागून मागे गेला त्याचंच नाव सुटायची शक्यता जास्त, आणि याचं मला आजही फार वाईट वाटतं.

तर आधी माहिती अधिकाराचा अर्ज. आर्मी या कायद्यातून वगळलेली नाही (आसाम रायफल्स, बीएसएफ यांसारख्यांना सूट आहे, आर्मीला नाही). फी १० रुपये, पोस्टल ऑर्डर चालते, उत्तराची मुदत ३० दिवस. अर्ज वडिलांच्या नावाने आणि वडिलांच्या सहीने जाऊ द्या, तुमच्या नावाने गेला तर तिसऱ्या माणसाची खासगी माहिती म्हणून परत येईल. सही जमत नसेल तर अंगठा आणि दोन साक्षीदार. नाव डिस्चार्ज बुकात जसं आहे तसंच, आधारवर काहीही असो, आणि आर्मी नंबर शेवटच्या अक्षरासकट.

अर्जात "मेडल का दिलं नाही" असं विचारू नका. 'का' ला उत्तर द्यायला ते बांधील नाहीत, प्रत द्यायला आहेत. म्हणून प्रतीच मागा: पूर्ण शीट रोलची साक्षांकित प्रत, नोव्हेंबर १९७१ ते डिसेंबर १९७३ या काळात या नंबरवर निघालेल्या सगळ्या पार्ट टू ऑर्डर, आणि सगळे मेडिकल बोर्ड (डॉक्टरांच्या तपासणीचे कागद), निवृत्तीच्या वेळच्या रिलीज मेडिकल बोर्डासकट. ३० दिवसांत आलं नाही किंवा अर्धवट आलं तर त्याच ऑफिसच्या अपील अधिकाऱ्याकडे पहिलं अपील करा, त्यालाही मुदत ३० दिवसांची, ती चुकवू नका.

अर्ज कुठे पाठवायचा ते रेजिमेंटवर आहे, तुम्ही ती लिहिली नाही. मराठा असतील तर बेळगाव, महार असतील तर सागर, तोफखाना नाशिक रोड, बॉम्बे सॅपर्स खडकी, सिग्नल जबलपूर, रणगाडेवाले अहिल्यानगर. वडील पेन्शनर आहेत हे फार बरं आहे, कारण जे पेन्शन न होता घरी आले त्यांची कागदपत्रं २५ वर्षांनी नष्ट करायचा नियम आहे, मागे फक्त लाँग रोल नावाच्या रजिस्टरमधली त्रोटक नोंद उरते. दुसरे कोणी वाचत असतील आणि त्यांच्या वडिलांना पेन्शन नसेल तर लाँग रोलचा उतारा मागा, आणि जवान हयात नसेल तर वारसाला अर्ज करता येतो.

कागद आले की सगळ्यात आधी एकच गोष्ट शोधा. जखमेची नोंद 'बॅटल कॅज्युअल्टी' म्हणून आहे की 'फिजिकल कॅज्युअल्टी' म्हणून. बॅटल म्हणजे शत्रूच्या हाताने, फिजिकल म्हणजे अपघात, आजार वगैरे. बॅटल लिहिलं असेल तर अर्धं काम झालं, जखमेचं मेडल त्या एका नोंदीवर उभं राहतं आणि लढाईच्या इलाक्यात असल्याचा पुरावाही तोच. फिजिकल लिहिलं असेल किंवा काहीच नसेल तर मेडिकल बोर्डाचे कागद वाचा, म्हणजे दिसेल ते वाचा, कार्बन कॉपी असतात, फिकट. जखमेनंतर वडिलांची मेडिकल कॅटेगरी खाली आली असणार, मग ठराविक काळाने बोर्ड झाले असणार आणि प्रत्येक बोर्डात जखम कधी, कुठे, कशाने झाली हे लिहिलेलं असतं. तिथे डिसेंबर १९७१ ची तारीख आणि शेल स्प्लिंटर किंवा गनशॉट असा शब्द सापडला तर तो त्यांच्याच डॉक्टरने त्यांच्याच फॉर्मवर लिहिलेला पुरावा आहे, त्याला नाही म्हणणं अवघड. तुम्ही लिहिलंय की पायात अजून तुकडा आहे, तर सिव्हिल हॉस्पिटलमधून एक्स-रे आणि सर्टिफिकेट घेऊन ठेवा. त्याने तुकडा कुठल्या लढाईतला हे सिद्ध होत नाही, पण बोर्डाच्या कागदाला जोड मिळते.

पूर्वी स्टारचं त्या मानाने सोपं आहे. कुठली पलटण कुठे होती हे लपलेलं नाही, उदाहरणार्थ आपली जंगी पलटण, १ मराठा, १० डिसेंबरच्या रात्री जमालपूरला होती हे जगजाहीर आहे. वडील त्या तारखांना युनिटच्या स्ट्रेंथवर होते एवढं पार्ट टू ऑर्डरवरून दिसलं की युनिटची जागा तीच त्यांची जागा, फक्त ते तेव्हा कोर्सवर किंवा रजेवर नव्हते हे बघायचं. कोणी सोबती हयात असेल, त्यातही प्लाटून कमांडर किंवा कंपनीतला जेसीओ (सुभेदार, नायब सुभेदार), तर त्याचं प्रतिज्ञापत्र घ्या, आणि हे काम आजच्या आज सुरू करा, कागदाआधी, कारण ती माणसं ऐंशीच्या आसपास आहेत. रेजिमेंटच्या रियुनियनला येणारे जुने लोक एकमेकांचे नंबर ठेवून असतात, तिथून धागा लागतो.

हे सगळं जमलं की रेकॉर्ड ऑफिसला दुसरं पत्र, या वेळी मुद्देसूद: या तारखेला या युनिटमध्ये होतो, इथे जखमी झालो, या हॉस्पिटलला हलवलं, सोबत कागद जोडलेत, तरी सुटलेली नोंद पार्ट टू ऑर्डर काढून करावी आणि मेडल द्यावं. एक पानापेक्षा मोठं नको. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातून फॉरवर्ड करून घ्या, त्याने आवक नंबर पडतो आणि पाठपुरावा करता येतो. नोंद झाल्यावरही मेडल हातात यायला वेळ लागतो. अधीर होऊन बाजारातून आणू नका, सरकारी मेडलवर नंबर, रँक आणि नाव कोरलेलं असतं आणि वडिलांना तेच हवंय असं तुमच्या लिहिण्यावरून वाटतं.

आता जे तुम्ही विचारलं नाही ते. या मेडलांना पैसे नाहीत, पण बॅटल कॅज्युअल्टीच्या नोंदीला असू शकतात. वडील आज साधं सर्व्हिस पेन्शन घेतायत की त्यात अपंगत्वाचा किंवा वॉर इंज्युरीचा भाग आहे, हे पीपीओवर (पेन्शनच्या आदेशावर) बघा, स्पर्श या ऑनलाइन पेन्शन पोर्टलवर दिसेल. रिलीज बोर्डाने २० टक्के किंवा जास्त अपंगत्व लिहिलं असेल आणि पेन्शनमध्ये काहीच नसेल तर तो वेगळा दावा आहे. उशीर झाला म्हणून सोडू नका, सुप्रीम कोर्टाने २००८ च्या तरसेम सिंग केसमध्ये सांगितलंय की असा हक्क दर महिन्याला नव्याने उभा राहतो, मात्र थकबाकी साधारण दावा लावण्याआधीच्या तीन वर्षांचीच मिळते. त्यासाठी आर्म्ड फोर्सेस ट्रिब्युनल आहे, मुंबईत खंडपीठ आहे. तिथे सहा महिन्यांची मुदत असते, उशीर माफ करायचा अधिकारही ट्रिब्युनलला आहे, म्हणून लेखी नकार आला तर तो पाकिटासकट जपून ठेवा, तारीख लागते. वकील लागला तर तेव्हाच, आत्ता नाही.

राहिलं सेना मेडल. कंपनी कमांडर "तुझं नाव पाठवलंय" म्हणाले होते, हे वडील इतकी वर्षं मनात धरून आहेत. मी स्पष्ट लिहितो, त्याच्या मागे लागू नका. स्टार आणि जखमेचं मेडल हा हक्क आहे, अटीत बसलात की मिळायलाच हवं. शौर्य पदक शिफारशीवर असतं, ती वर चाळली जाते आणि मंजूर होईलच असं नाही, आणि पन्नास वर्षांनी ते उघडायला कोर्टही सहसा तयार होत नाही. हे एकाच पत्रात मिसळलंत तर सरळ मंजूर होणारं कामही अडकेल. वडिलांना हे तुम्हीच समजावा, कोणा ऑफिसच्या पत्रातून कळायला नको.

माहिती अधिकाराचा मसुदा लिहिलात की नंबर आणि नाव झाकून इथे टाका, मी आणि इथले बाकीचे माजी सैनिक बघून देतो. आणि वडिलांना विचारा की डिसेंबरमध्ये त्यांचा प्लाटून कमांडर कोण होता आणि त्यांना पहिल्यांदा कुठल्या हॉस्पिटलला नेलं, ते आज रात्रीच एका कागदावर लिहून घ्या.