इन्व्हर्टर असूनही वीज गेली की वायफाय तुटतं; घरून काम करण्यासाठी नवा राउटर घ्यावा का?

नवा राउटर नको, आहे त्याच राउटरला मिनी यूपीएस (छोटा बॅटरी बॅकअप) लावा. वीज गेल्यावर इन्व्हर्टरला बॅटरीवर यायला काही मिलिसेकंद लागतात. पंख्याला ते कळतही नाही, पण राउटर तेवढ्यात रीस्टार्ट होतो आणि पुन्हा नेट पकडेपर्यंत दोन-तीन मिनिटं जातात. म्हणजे मीटिंग गेलीच. (इन्व्हर्टरच्या मागे ‘यूपीएस मोड’चं बटण आहे का, ते आधी बघा. कधीकधी तेवढ्यानेच काम होतं, फुकटात.) मिनी यूपीएस अडॅप्टर आणि राउटरच्या मध्ये बसतो आणि थेट डीसी पुरवतो, त्यामुळे खंड पडत नाही. घेताना राउटरच्या अडॅप्टरवरचं लेबल वाचा:

- व्होल्ट तंतोतंत तेच हवेत. ९ व्होल्टच्या राउटरला १२ व्होल्ट दिलेत तर तो जळू शकतो.
- अँपिअर तेवढेच किंवा जास्त चालतात.
- पिनचा आकार आणि प्लस-मायनसची खूण जुळवा.

फायबरचा डबा आणि राउटर वेगवेगळे असतील, तर दोघांनाही बॅकअप लागेल. एकालाच दिला तर वायफायचं चिन्ह दिसेल, नेट मात्र नसेल. एक अडचण यातूनही सुटत नाही: थेट फायबर घरात न येता इमारतीच्या जिन्यातल्या नेटवर्क स्विचमधून (घरोघरी नेट वाटणाऱ्या डब्यातून) लॅन केबल येत असेल आणि त्या स्विचला बॅकअप नसेल, तर तुमच्या घरात काहीही बसवा, नेट जाणारच. ते केबलवाल्याला आधी विचारा.